मोर कुणाच्या हाकेला येतात

ज्यानं सगळी हयात मेंढरांशी बोलण्यात घालवली, त्यानं माणसांच्या मिटिंगीत तोंड उघडू नये, असा काही सरकारी कायदा नाही. असता तर सटवाचं लई भलं झालं असतं.

सटवा घोंगडदऱ्याचा. घोंगडदरा म्हणजे बालाघाटाच्या डोंगराला चिकटून बसलेलं चाळीस घरांचं गाव. निम्मी घरं मेंढरं पाळणारी, निम्मी शेती करणारी, आणि मन्मथआप्पाचं एक किराणा दुकान. साल म्हणाल, तर ज्या साली मन्मथआप्पाच्या दुकानात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन आला, ते साल. (फोन करावा असं बाहेरगावी कुणाचं कुणीच नव्हतं. म्हणून पहिला महिना लोक नुसते फोन बघून, गूळ घेऊन घरी जात.)

गावात पाण्याची बोंब, रस्त्याची बोंब, पण मोर मात्र रग्गड. पिकात मोर, पत्र्यावर मोर, महादेवाच्या पिंडीवर मोर. गावाला त्याचं काही कौतुक नव्हतं. शहराला झालं. मग जंगलाचे साहेब जीप घेऊन आले आणि देवळापुढच्या लिंबाखाली मिटिंग भरली.

साहेब तरणे होते, बोलायला गोड होते. म्हणाले, "शहरातली माणसं आता निसर्ग बघायला बाहेर पडायला लागली आहेत. त्यांना मोर दाखवायचे, रानवाटा दाखवायच्या, इथलं जेवण द्यायचं. आणि हे सगळं गावानंच सांभाळायचं. याला इको-टुरिझम म्हणतात."

धुळाजी नावाचा म्हातारा पुढंच बसला होता. त्यानं विचारलं, "म्हंजी मोर बघाया मानसं पुन्याहून येनार?"

"हो."

"भाड्याची गाडी करून?"

"हो."

धुळाजीनं डोकं खाजवलं. मग काळजीनं म्हणाला, "त्यांच्याकडं बघायला काईच न्हाई का वो?"

लोक हसले, साहेबही हसले. मग मात्र त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गावानं समिती करून हे काम घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर काम शहरातल्या एका ठेकेदाराला जाणार. तो डोंगराला तारेचं कुंपण घालणार, फाटक बसवणार.

आता इथं गावाचं हसणं थांबलं. कारण डोंगराच्या पलीकडं पाझर तलाव होता, आणि वैशाखात मेंढरांना पाणी तेवढंच. तार पडली की पाण्याची वाट बंद. सटवाची साठ मेंढरं होती. त्यानं मनातल्या मनात एकेकीचं तोंड आठवलं.

"गाव करंल की साहेब," मन्मथआप्पा म्हणाला. आप्पाला चार इंग्रजी शब्द येत होते आणि ते वापरायला माणसं मिळत नव्हती. "फुल प्रोग्राम करू."

"माझी काहीच हरकत नाही," साहेब म्हणाले. "येत्या रविवारी पुण्याचे पंधरा पाहुणे घेऊन येतो. त्यांना मोर नीट दिसले, गावाला सांभाळता आलं, तर काम तुमचं. पण एवढ्या लांबून यायचं आणि मोर दिसलाच नाही तर? मोर काय कुणाच्या हाकेला येत नाही."

"माझ्या येत्यात," सटवा म्हणाला.

सगळी मिटिंग मागं वळली. सटवा स्वतःही मागं वळून बघणार होता, कोण बोललं म्हणून.

"खरंच?" साहेब म्हणाले.

"व्हय. रोज सकाळी. अकरा येत्यात."

हे सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी अकरा मोर-लांडोरी यायच्या हे खरं. त्या सटवाच्या वस्तीमागंच यायच्या, हेही खरं. फक्त हाक सटवाची नव्हती. त्याची बायको सारजाबाई जोंधळे पाखडून झाले की सुपातल्या कण्या घेऊन मागल्या बाजूला जायची, "याऽ गं बायांनो, याऽ" म्हणायची आणि ती पाखरं बाभळीवरून उतरून तिच्या पायांशी यायची. त्या वेळी सटवा घोंगडीत असायचा. वीस वर्षांत त्यानं ते मोर उठून बघितलेसुद्धा नव्हते. पण त्याचा हिशोब साधा होता. घर माझं, जोंधळे माझे, बायको माझी, मग मोर काय लोकाचे?

"तर मग मोर दाखवायचं काम यांचं," साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग एक छापील कागद काढला. "समितीत अकरा माणसं. त्यातल्या दोन बायका असल्याच पाहिजेत. नावं सांगा."

नऊ नावं झटक्यात झाली. बायकांचं म्हणल्यावर जो तो दुसऱ्याच्या घराकडं बघायला लागला. मन्मथआप्पा म्हणाला, आमच्या नीलाबाईला वेळ नाही, ती मापं घालती. धुळाजी म्हणाला, आमची ऐकतच नाही. साहेबांनी सटवाकडं बघितलं, आणि सटवाला त्या दिवशी बोलायची चटक लागलेली.

"बाईमानूस मिटिंगीत बसल्यावर भाकऱ्या कोन थापनार साहेब? पाव्हण्यांना काय मोर खायला घालायचे?"

माणसं खो खो हसली. सटवाच्या बोलण्याला माणसं हसली ही त्याच्या जन्मातली पहिलीच वेळ. तो सुखावून गेला.

"दोन ओळी कोऱ्या ठेवतो," साहेब कागद घडी घालत म्हणाले. "रविवारी भरलेल्या पाहिजेत. त्या भरल्याशिवाय समिती होत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

देवळामागं गावाचा हातपंप आहे. त्याच्यावर सारजाबाई घागर भरत होती. मोरांचं वाक्यही तिनं ऐकलं आणि भाकरीचंही.

त्या दिवशी सटवाला जेवायला वाढलं गेलं, पण बोलणं वाढलं गेलं नाही.

"कावून गप हाईस?" सटवानं विचारलं.

"मी काय बोलू? बाईमानूस."

सटवानं भाकरीचा तुकडा मोडला. "तसं बोलावं लागतं गं चार लोकांत."

"आन मोर तुमच्या हाकेला येत्यात म्हनं."

"मेंढराच्या पान्याचा इशय व्हता, सारजे. तोंडातून गेलं."

"गेलं तर गेलं. आता मारा हाक."

"आगं पन तू रोज घालतीसच की कन्या. रविवारी बी घाल. मी जरा बाजूला हुबा ऱ्हातो. बगनाऱ्याला काय कळतंय."

"रविवारी मला न्हाई जमायचं," सारजाबाई तवा उतरवत म्हणाली. "भाकऱ्या कोन थापनार?"

रविवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी सटवा पहाटे उठला. (सारजाबाईनं उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.) त्यानं सुपात कण्या घेतल्या, डोक्याला लाल पटका बांधला आणि वस्तीमागं जाऊन उभा राहिला. मोर बाभळीवर होते. सटवानं हाक मारली, "याऽ, याऽ." मोरांनी माना लांब केल्या आणि परत आखूड केल्या. सटवा आणखी ओरडला. तिसऱ्या वेळी मात्र जिभेनं चाळीस वर्षांची सवय सोडली नाही. "हुर्रऽ ट्र्या ट्र्या" असं तोंडातून निघालं आणि वाड्याच्या दाराचं झापं ढकलून साठ मेंढरं धावत आली. त्यांनी कण्या खाल्ल्या. मग सूप खाल्लं.

सूप गेलं म्हणून घरात काय झालं, ते मी सांगत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मेंढरं आधी धुळाजीच्या वाड्यात कोंडली, शेजारणीकडून सूप मागून आणलं आणि पटका घरी ठेवला. या खेपेला एक म्हातारा मोर खाली उतरला. सारजाबाई त्याला 'पाटील' म्हणायची. पाटील दहा पावलं चालत आला, मान वाकडी करून सटवाला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि एखाद्या स्थळाला नकार द्यावा तसा पाठ फिरवून निघून गेला.

सारजाबाई दारात उभी होती. तिला हसू आवरेना.

"आवो, पाखरं मानूस वळखत न्हाईत. लुगडं वळखत्यात. माझं हिरवं लुगडं नेसा, मंग बगा कशी येत्यात."

असं म्हणून पदर तोंडाला लावून ती आत गेली. तिनं टोमणा मारला होता. दुसऱ्या कुणाला मारला असता तर त्यानं तो टोमणाच धरला असता. पण सटवा पडला मेंढपाळ. त्याला आठवलं की दोन सालामागं तो तापानं पडला होता, तेव्हा मेंढरं धाकट्या भावाच्या मागं जाईनात. मग भावानं सटवाची घोंगडी खांद्यावर टाकली आणि सगळी मेंढरं मुकाट चालायला लागली. मेंढरांना धनी म्हणजे घोंगडी. मग मोरांना धनीण म्हणजे लुगडं, यात चुकीचं काय आहे? सटवा दिवसभर डोंगरात या गोष्टीचा विचार करत बसला आणि जितका विचार केला तितकी ती त्याला पटत गेली.

इकडं गावात तयारी चालली होती. मन्मथआप्पानं दुकानाच्या फळीवर चुन्यानं पाटी रंगवली. बायका नीलाबाईच्या अंगणात जमून भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा करणार असं ठरलं. धुळाजीचं म्हणणं होतं की पाहुण्यांना ढोल वाजवत वर न्यावं. "मोर पळतील बे म्हाताऱ्या," आप्पा म्हणाला. "मंग एखाद्याच्या पायाला दोरी बांधा," असं म्हणून धुळाजी रुसून बसला.

नियम मात्र सटवानं घातले. जाणता माणूस म्हणून त्यालाच विचारलं होतं.

"गाडी खाली पिंपळापाशी सोडायची. तितनं पायी. पांढरे कपडे न्हाईत. वासाचं तेल न्हाई. बोलायचं न्हाई. खोकला आला तर गिळायचा. आमच्या वस्तीच्या दगडी गडग्याआड गपचूप बसायचं."

"आन तू कुठं असशील?" आप्पानं विचारलं.

"मला हुडकायचं न्हाई, आप्पा. मोर आले की समजायचं, मी हाय."

रविवार उजाडला. सारजाबाई तांबडं फुटायच्या आधी तवा घेऊन नीलाबाईकडं गेली. जाताना नवऱ्याशी बोलली नाही. सटवाही बोलला नाही, पण त्याचं सगळं ध्यान दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या लुगड्याकडं होतं.

ती वळणाआड गेल्यावर त्यानं लुगडं काढलं. धोतर नेसणाऱ्या माणसाला काष्टा अवघड नाही, पण सटवा पडला ताडमाड उंच आणि सारजाबाई बुटकी. लुगडं पोटरीवरच संपलं. खालून त्याच्या जाड चामडी वहाणा बाहेर आल्या. पदर डोक्यावरून घेतला, तर मिशा बाहेर. मिशा झाकल्या, तर पदर सुटायला लागला. शेवटी त्यानं पदराचं टोक दातात धरलं. आता मिशाही झाकल्या आणि (हे त्याच्या ध्यानात आलं नाही, पण फार मोठं काम झालं) तोंडही बंद झालं.

सूप घेऊन तो वस्तीमागं गेला आणि सारजाबाई बसायची त्या दगडावर जाऊन बसला. पाहुणे यायला अजून तासभर आहे, असा त्याचा अंदाज. मोर एकदा खाली उतरले की आपण हळूच कडब्याच्या गंजीआड सरकायचं, लुगडं सोडायचं, धोतर नेसायचं आणि पटका बांधून ऐटीत पुढं यायचं. असा बेत होता.

त्यानं मूठभर कण्या टाकल्या. हाक मारायची म्हणून दातातला पदर जरा ढिला केला आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "याऽ गं बायांनो."

बाभळीवर पंख फडफडले. एक लांडोर उतरली. मग दुसरी. मग तीन एकदम. मग पाटील उतरला, थांबला, लुगड्याकडं बघितलं आणि घरच्यासारखा चालत पुढं आला.

इतक्या जवळून सटवानं मोर कधी बघितला नव्हता. मानेवरचा निळा रंग हलला की हिरवा होत होता. पायाशी दाणे टिपताना चोचीचा टकटक आवाज येत होता. एका लांडोरीच्या मागं चार पिलं होती, कोंबडीच्या पिलांएवढी. पाटलानं त्याच्या पुढ्यात पिसारा उभारला आणि तो थरारला तसा पावसाच्या सरीसारखा आवाज आला. सटवा गंजीआड जायचं विसरला. तो बेतही विसरला. त्याला एवढंच वाटलं की सारजी हे रोज बघते, वीस वर्षं बघते, आणि आपल्याला एकदाही हलवून उठवलं नाही. मग त्याला आठवलं की ती रोज हलवत होती. आपणच कूस बदलत होतो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं म्हणून त्यानं मान वर केली असती, तर त्याला गडग्यावरून बघणारी सतरा डोकी दिसली असती. पाहुणे तासभर आधीच आले होते. गाडी पिंपळापाशी सोडून, पायी, न बोलता, खोकला गिळत. नियम सटवाचेच होते, आणि पुण्याच्या माणसांनी ते अगदी तंतोतंत पाळले होते.

"वा," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले. "याला म्हणायचं महिलांचा सहभाग. आणि तुम्ही म्हणता गावात बाई मिळत नाही."

मन्मथआप्पानं फक्त मान हलवली. त्याला वाटलं, सटवानं शेवटी सारजाबाईलाच बसवलं, बरं झालं. पुण्याच्या एक बाई गळ्यातला कॅमेरा काढून सटासट फोटो घेत होत्या.

तेवढ्यात मागून कुणी तरी हळूच विचारलं, "आप्पा, आले का मोर?"

आप्पा वळला. मागं सारजाबाई उभी. हाताला पीठ, कडेला सूप. चार भाकऱ्या थापून झाल्यावर तिचा राग निवला होता. माणूस वेडा आहे, पण आपलाच आहे. चार लोकांत त्याची फजिती कशाला, असं म्हणून ती नीलाबाईवर काम टाकून कण्या घालायला आली होती.

आप्पानं तिच्याकडं बघितलं. मग गडग्यापलीकडं बघितलं. परत तिच्याकडं बघितलं.

"वैनी, तुमी हितं? मंग तितं कोन?"

सारजाबाईनं गडग्यावरून मान वर केली. आधी तिला आपलं लुगडं दिसलं. मग त्याखालच्या वहाणा दिसल्या. आप्पालाही त्या त्याच वेळी दिसल्या, कारण त्याला एकदम खोकल्याची उबळ आली आणि नियमाप्रमाणे ती गिळताना त्याचे डोळे पांढरे झाले.

"या कोण?" साहेबांनी आप्पाला विचारलं.

"ह्या सारजाबाई. सटवाच्या मालकीन."

"मग त्या कोण?"

आप्पाला चार इंग्रजी शब्द येत होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. सारजाबाईनं मात्र एकदा साहेबांच्या हातातल्या छापील कागदाकडं बघितलं, एकदा डोंगरापलीकडं तलावाच्या वाटेकडं बघितलं आणि पदर नीट केला.

"ती माझी जाऊ हाय," ती म्हणाली.

पाटलानं पिसारा मिटला आणि मोर बाभळीकडं परतले. पाहुणे गडग्याला वळसा घालून निघाले. सटवानं पायांचे आवाज ऐकून मान वळवली. पुढं साहेब, मागं कॅमेरा, शेजारी बायको. पळावं तर लुगडं सुटायची भीती. त्यानं पदर असा काही दातात आवळला, की जबडा दुखायला लागला.

"मावशी, किती वर्षं तुम्ही यांना दाणे घालता?" पुण्याच्या बाईंनी मायेनं विचारलं.

सटवा मान खाली घालून बसला.

"ती बोलत न्हाई," सारजाबाई म्हणाली. "लई लाजाळू हाय. बाप्यांसमोर शबूद काढत न्हाई."

"पण मी तर बाईच आहे."

"सवय न्हाई हो तिला. जल्म मेंढरामागं गेला. मेंढरासंगच काय बोलंल तेवढं."

"आणि यांचे यजमान?"

सारजाबाईनं सुस्कारा टाकला. "हायत की. मानूस वाईट न्हाई. पन अकलेनं जरा कमी."

पदराआडून घुसमटल्यासारखा आवाज आला.

"काय करतात ते?"

"झोपत्यात. उठल्यावर गावभर सांगत फिरत्यात, मोर माझ्या हाकेला येत्यात म्हनून."

तेवढ्यात मागं राहिलेली एक लांडोर परत फिरली आणि वहाणेतून बाहेर आलेल्या अंगठ्याला दाणा समजून तिनं जोरात चोच मारली. सटवाच्या तोंडातून मेंढक्यांची एक ठेवणीतली शिवी निघाली. चांगल्या भरदार आवाजात.

साहेब चमकले. "आवाज फार भारदस्त आहे यांचा."

"मेंढरं हाकून हाकून घसा गेला हो गरिबाचा," सारजाबाई म्हणाली. मन्मथआप्पा तोंड फिरवून बाभळ बघत उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी तिथंच दगडावर कागद पसरला. पाहुण्यांनी मोर बघितले, गावानं शिस्त पाळली, आता फक्त दोन ओळी भरायच्या राहिल्या. एका ओळीवर त्यांनी सारजाबाईचं नाव घातलं. सारजाबाईनं एकवार नवऱ्याकडं बघून अंगठा उठवला.

"आणि जाऊबाईंचं नाव?"

"बायनाबाई," सारजाबाई म्हणाली. तिच्या मेलेल्या आजेसासूचं नाव ते. घरातल्या घरात राहिलं.

साहेबांनी शाईची डबी पुढं केली. पदराखालून एक केसाळ हात बाहेर आला. सटवा मागं सरला. त्यानं सारजाबाईकडं बघितलं. तिनं नुसती मान वळवून तलावाच्या वाटेकडं बघितलं. सटवाला साठ तोंडं आठवली. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि बायनाबाई म्हणून कागदावर दाबला.

"झालं," साहेब म्हणाले. "तार नाही, ठेकेदार नाही. डोंगर आजपासून तुमच्या समितीचा. मेंढरांची वाट आहे तशी चालू राहील."

मन्मथआप्पानं पाहुण्यांना भाकरी खायला वळवलं. सारजाबाई म्हणाली, बायना, तू घरात जा, चुलीवर दूध हाय. सटवा लुगडं आवरत, दोनदा अडखळत, घरात शिरला. दार लावलं. आणि मग मागल्या बाजूनं कुडाला खिंडार पाडून, धोतर सावरत, पटका बांधत, डोंगराला वळसा घालून धापा टाकत समोरच्या वाटेनं नीलाबाईच्या अंगणात हजर झाला. पाहुणे पिठलं-भाकरी खात होते. ठेच्यानं सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

"आलो साहेब," सटवा म्हणाला. "जरा उशीर झाला."

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "सटवाजी, मोर तुमच्या हाकेला येतात म्हणालात. आज मोर आले, तुम्ही आला नाहीत."

"मी व्हतो की साहेब—" सटवा म्हणाला, आणि तिथंच थांबला. पुढचं बोलता येण्यासारखं नव्हतं. नीलाबाईनं पिठल्याच्या पातेल्यात तोंड घातलं होतं.

"आता ते मोर दाखवायचं काम बायनाबाईंकडं दिलंय. फार गुणी बाई आहेत."

"पन मी समितीत तरी ऱ्हातोच ना?"

"तेच सांगतोय." साहेबांनी कागद काढला आणि नऊ पुरुषांच्या नावांतलं एक नाव अगदी हळुवारपणे खोडलं. तिथं धुळाजीचं नाव घातलं. "एका घरातून आधीच दोघी आल्या. आता तुम्हालाही घेतलं, तर उद्या हेच लोक म्हणतील, घराणेशाही चाललीय."

धुळाजीनं रुसवा सोडला आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

सटवाचं तोंड इतकं उतरलं, की साहेबांनाही कळवळा आला. "तुम्हाला अगदीच सोडत नाही मी," ते म्हणाले. "पाहुण्यांना पाणी देणं, वाटेतले काटे काढणं, कण्यांचं सूप वाहून नेणं, एवढ्यासाठी एक मदतनीस लागेल. तो बायनाबाईंच्या हाताखाली राहील. त्या म्हणतील तसं वागायचं. त्यांची हरकत नसेल, तर तुम्हाला ठेवू."

सटवानं सारजाबाईकडं बघितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही.

"इचारून बगते मी तिला," ती म्हणाली. "पन लई खमकी बाई हाय ती, साहेब. ह्यांना ठिवून घेईल का न्हाई, सांगता येत न्हाई."